एक आड एक अमावास्या

लिहायला बसलो आहे, पण आधी वाचणाऱ्यांची माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहिलं नाही. माझे वडील, आबा, सही करायचे, पण ती करताना जीभ दातांत धरायचे आणि सही झाली की हात धोतराला पुसायचे. अशा घरातल्या माणसानं आठवणी लिहाव्यात का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्यात माझी आठवण कुठल्या मोठ्या प्रसंगाची नाही. ती जीपच्या इंजिनात घालायच्या तेलाची आहे आणि ते तेल किती दिवसांनी बदलावं या प्रश्नाची. लोक हसतील असं वाटतं. पण माझ्या धाकट्या बहिणीचं शिक्षण या प्रश्नात अडकलं होतं, म्हणून लिहितो.

धरणगावपासून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर आमचं गाव. चारी बाजूंनी कापूस. बारावीनंतर मी जळगावला बीएस्सीला गेलो, रसायनशास्त्र घेतलं. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत घरी आलो की धाकटी माझी पुस्तकं काढून बसायची. ती तेव्हा धरणगावला बारावीत होती, शास्त्र शाखेत. एकदा तिनं हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवले आणि घरातल्या प्रत्येक वस्तूत बुडवून पाहिले. साबणाच्या पाण्यात कागद लाल झाला, लिंबात पिवळा राहिला. चुन्याच्या निवळीत तो इतका लाल झाला की माय घाबरली, तिला वाटलं पोरीनं हात कापला. मला जे वर्गात तीन वेळा सांगून समजलं होतं ते तिनं चुलीपाशी बसून समजून घेतलं. तिला जळगावला यायचं होतं. माझ्यासारखं बीएस्सी करायचं होतं.

आबा तिला नाही म्हणाले नव्हते. ते सरळ माणूस होते. "तुन्हं शिकनं घरना कामले येऊ दे, मंग तिन्हं दखू," असं ते मला म्हणाले होते. त्यात टोमणा नव्हता. शेतात नवं बियाणं आधी एका वाफ्यात लावून पाहायचं, उगवलं तर पुढच्या वर्षी सगळ्या रानात, अशी त्यांची रीत. मी तो वाफा होतो.

माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, नरडाण्याच्या बाजूला दिलं होतं. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, नरडाणा ते धुळे जीप चालवायचे. वडापची जीप, मागे समोरासमोर बाकडी, आत मावतील तितकी माणसं आणि बाहेर लटकतील तितकी आणखी. त्या जीपसाठी आमच्या घरानंही पैसे घातले होते, त्यामुळे ती थोडी आमचीही होती. दाजी हसतमुख, दिलदार. आले की केळ्यांची फणी घेऊन यायचे, गल्लीतल्या पोरांना वाटायचे. ते आले की आबा खाटेवरून उठून खाली बसत. माय मांडे करायला घेई. आणि आमच्याकडे एक गोष्ट बोलून न दाखवता सगळे पाळत: जावयाला दोष द्यायचा नाही. एकदा दाजींच्या हातून विहिरीवरची मोटर जळली. बटण त्यांनीच दाबलं होतं, पाणी नसताना. आबांनी पंधरा दिवस वीज मंडळाला शिव्या दिल्या. व्होल्टेज कमी होतं म्हणाले. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

जीपच्या तेलाचं असं होतं की दर अमावास्येला ते बदललं जाई. अमावास्येला दाजी गाडीत प्रवासी घेत नसत. त्यांच्या ओळखीचा कुठलाच ड्रायव्हर घेत नसे. त्या दिवशी गाडी धुवायची, लिंबू-मिरची बदलायची, चाकाखाली नारळ फोडायचा आणि धुळ्याला आग्रा रोडवरच्या मिस्तरीकडे जाऊन तेल बदलायचं. किलोमीटर दाखवणारा काटा कधीच बंद पडला होता, त्यामुळे चंद्रच मोजमाप. काढलेलं काळं तेल दाजी डब्यात भरून गावी न्यायचे. शेजारी ते बैलगाडीच्या आसाला घालत, कुणी दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासत. मी एकदा दोन अमावास्यांमधल्या फेऱ्यांचा हिशोब मांडला, तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंतराच्या जवळपास आला. आपल्या लोकांची रीत शास्त्राला धरून आहे याचा मला फार आनंद झाला. मी तो आनंद वर्गमित्रांना सांगितला, त्यांना तितका झाला नाही.

संक्रांतीच्या सुमारास दाजी आमच्याकडे आले होते. जेवण झालं, अडकित्ता फिरत होता. दाजी मला म्हणाले, "काय शालक, रसायन रसायन करस. मन्ही जीपनं तेल जास्त दिन चालाले काही उपाय शे का नही?"

त्यांना दर महिन्याला तेल बदलणं जिवावर येत होतं. मी काही बोलायच्या आधी आबा म्हणाले, "सांग बरं. एवढं शिकस ते."

धाकटी दाराआड उभी होती. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की वाफ्याला पाणी सोडलं गेलं आहे.

मी जळगावला परतलो आणि आमच्या सरांना विचारलं. सर कमी बोलायचे, पण प्रश्न आवडला की खडू हातात घ्यायचे. त्यांनी खडू घेतला. जमिनीतून निघणाऱ्या तेलात लहानमोठे, वेडेवाकडे सगळ्या तऱ्हेचे रेणू असतात, म्हणाले. उष्णतेत त्यातले कमजोर आधी तुटतात, उडून जातात आणि उरलेलं तेल दाट होत जातं. सिंथेटिक तेलाचे रेणू कारखान्यात घडवलेले, एका मापाचे. ते उष्णता जास्त सोसतं, थंडीत लवकर पसरतं, सावकाश जुनं होतं. बाहेरच्या कंपन्यांची तशी तेलं तेव्हा आपल्याकडे नुकतीच दिसू लागली होती. मी विचारलं, डिझेलच्या गाडीत तेल लगेच काळं पडतं, ते सिंथेटिकनं थांबेल का. सर म्हणाले, नाही. काजळी इंधनाची असते, ती येणारच. उलट चांगलं तेल ती काजळी धरून ठेवतं, खाली बसू देत नाही, म्हणून काळं दिसतं. काळं झालं म्हणजे मेलं असं समजू नकोस. पण काजळी धरायची ताकदही कधीतरी संपते. आणि तेल कितीही भारी असलं तरी तेलाची गाळणी, म्हणजे फिल्टर, जुनी ठेवून चालत नाही.

"मग किती दिवस, सर?"

"दुप्पट म्हण. तिप्पट म्हणू नकोस. आपल्याकडची धूळ विसरू नकोस."

मी ते आमच्या भाषेत बसवलं. एक आड एक अमावास्या. मधल्या अमावास्येला तेल तसंच ठेवायचं, फक्त गाळणी बदलायची, कमी झालं असेल तेवढं वरून भरायचं. मला वाटतं आयुष्यात मी एवढाच एक शोध लावला.

शिष्यवृत्ती आली होती. फाल्गुनातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी मी धुळ्याला गेलो. आग्रा रोडवर एका वयस्कर दुकानदाराकडे ते तेल मिळत होतं. सरांनीच दुकान सांगितलं होतं. दुकानदारांनी वरच्या फळीवरून प्लॅस्टिकचे डबे काढले, फडक्यानं पुसले, झाकणावरचं सील बोटानं दाखवलं. कोणत्या गाडीला, असं विचारलं. जीपला म्हटल्यावर चष्म्यावरून पाहत राहिले. "वडापच्या? हे तर मारुतीवाले नेतात. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच," मी म्हणालो. तसं म्हणताना मान थोडी वर झाली असेल.

दुसऱ्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. मिस्तरीकडे थांबायला वेळ नव्हता. धुळ्याच्या स्टँडवर दाजी आले, मी डबे त्यांच्या हाती दिले आणि सगळं समजावलं. उद्या जुनं तेल पूर्ण काढा, गाळणी नवी बसवा, हे भरा. चैत्राच्या अमावास्येला तेल बदलू नका, वैशाखाच्या बदला. पुन्हा एकदा तेच सांगितलं. दाजींनी डबे सीटखाली सरकवले, माझ्या पाठीवर थाप मारली. "समजं ना भो. मी काय शाळामा शे का?" म्हणाले. मला उसाचा रस पाजला आणि जळगावच्या गाडीत बसवलं.

परीक्षा संपवून मी घरी आलो. धाकटीचीही परीक्षा झाली होती. अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली, दाजी सोडायला आले. गल्लीतल्या लिंबाला झोके बांधले होते, सासुरवाशिणी गाणी म्हणत होत्या. ओट्यावर दोनचार माणसं बसली होती आणि त्यांच्यासमोर आबांनी दाजींना विचारलं की पोऱ्याच्या तेलाचं कसं काय.

दाजी म्हणाले, "काय सांगू आबा. इंजिन पानीना मायक चालस. मधली अमावास्या गई, तेलले हात लावा नही."

आबांनी चंची उघडली. पान लावलं, एक दाजींना दिलं, आणि दुसरं मला. आबांनी मला पान देण्याची ती पहिलीच वेळ. मग घरात तोंड करून मायला म्हणाले की निकाल लागला की पोरीचे दाखले काढून ठेवायला सांग. झोक्यावर बसलेली धाकटी अक्कानं कानात सांगितल्यावर उतरली, घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी गेलो तर ती माझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालत होती.

पुढची अमावास्या यायच्या आत, ऐन लग्नसराईत, वऱ्हाड घेऊन जाताना जीप बंद पडली. नरडाण्याहून धुळ्याकडे जाताना आधी इंजिन ठोकायला लागलं, मग एकदम जाम झालं. वऱ्हाडाला उन्हात उतरून चालावं लागलं. ट्रॅक्टरनं ओढून जीप मिस्तरीकडे नेली. निरोप आला तसे आबा निघाले. मीही चप्पल घातली, तर म्हणाले, तू थांब, घरी कुणीतरी लागतं. माणसं घरात होती. तरी मी थांबलो.

दोन-तीन दिवसांनी ते परत आले. पाय धुतले, पाणी प्याले. मी समोर उभा होतो.

"तुन्हा तेलनी इंजिन खादं," एवढंच म्हणाले आणि शेताकडे गेले.

त्यानंतरचा उन्हाळा मला नीट लिहिता येणार नाही. गावात गोष्ट पोहोचायला वेळ लागला नाही. माझं नाव सिंथेटिक पडलं. पिठाच्या गिरणीवर गेलो की कुणीतरी म्हणे, "अरे, सिंथेटिकनं दयन आधी दयी दे, त्याले दुप्पट चालस." न्हावी वस्तरा हातावर घासत विचारायचा की मन्हा वस्तराले कोनतं तेल लाऊ, भाऊ. मी हसायचो. हसण्याशिवाय दुसरं काय करतात हे मला माहीत नव्हतं. दाजी अक्काला न्यायला आले तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो आणि चुकलं म्हणालो. त्यांनी मला जवळ घेतलं, म्हणाले, जाऊ दे शालक, पुस्तकातलं आन रस्त्यावरलं येगळं ऱ्हास. त्यांचे डोळे ओले होते. मला वाटलं, काय मनाचा माणूस आहे.

जूनमध्ये निकाल लागला. धाकटी चांगल्या मार्कांनी पास झाली, आमच्या भागात तिच्यापुढे फार मुली नव्हत्या. संध्याकाळी मी दाखल्यांचा विषय काढला. आबा दोर वळत होते. हात न थांबवता म्हणाले, "एक शिकना, तेवढं बस."

मी बोललो. मला वाद घालता येत नाही, तरी त्या दिवशी घातला. म्हणालो, चूक माझी झाली असेल, तिची कशी. तिला का शिक्षा. आबा म्हणाले, जीप दखी ना तू. मी म्हणालो, एका जीपवरून शिक्षण वाईट ठरत नाही. आबांनी दोर खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी रागाचा लावला. मी धाकटीकडे वळलो, तू तरी बोल म्हणालो. ती तांदूळ निवडत होती.

"जाऊ दे भाऊ," ती म्हणाली. "माले नही जानं."

 गाव हसलं, आबा उलटले, ते मी समजू शकत होतो. पण जिच्यासाठी मी भांडत होतो तिनं एका वाक्यात मला एकटं सोडलं. तिचाही माझ्या शिकण्यावरचा विश्वास उडाला, असं मी समजलो. त्यानंतर कितीतरी दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोललो. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, धरणगावातच दिलं. खाकी कव्हर घातलेलं पुस्तक फळीवरच राहिलं.

जळगावला मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाले की खऱ्या तेलानं एवढ्यात असं होणार नाही, गाळणी बदलली नाही तरी होणार नाही. डबे खरे होते का? एवढं ऐकून मी धुळ्याला गेलो. दुकानदारानं माझं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. त्याच फळीवरून त्याच जातीचा डबा काढून समोर ठेवला. म्हणाला, "घेऊन जा, तुमच्या कॉलेजात तपासा. सील मी फोडलेलं नाही." मी तो डबा घेतला नाही. त्याचा शांतपणा मला सराईतपणा वाटला. आपल्याला कुणी फसवलं याचं उत्तर मला हवं होतं, आणि तो समोर उभा होता. पुढं कितीतरी वर्षं माझ्या मनात माझं वाटोळं करणारा माणूस म्हणजे फडक्यानं डबे पुसणारा तो म्हातारा.

एमएस्सीचा विचार मी सोडला. बीएड केलं, शाळेत लागलो. शास्त्र शिकवतो. मुलांनी काही विचारलं आणि मला खात्री असली तरी मी "बहुतेक" हा शब्द घालतो. सहकारी त्यावरून चिडवतात. त्यांना वाटतं ती नम्रता आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आबा आदल्या हिवाळ्यात गेले. मे महिन्यात मी एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला भाड्याच्या गाडीनं धुळ्याला निघालो होतो. गावात शिरता शिरता गाडीचा पट्टा तुटला. ड्रायव्हरनं ढकलत ढकलत आग्रा रोडवरच्या एका गॅरेजला लावली. मी सावलीला बाकावर बसलो. आतून हात पुसत मिस्तरी आले. केस पांढरे झालेले, पण मी ओळखलं. दाजींची जीप हेच पाहायचे. त्यांनीही माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू धरणगावकडला आबाना पोऱ्या ना?"

हो म्हणालो. त्यांनी चहा मागवला. आबा कसे आहेत विचारलं. गेले म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली. ड्रायव्हरला पट्टा कुठं मिळेल ते सांगून पाठवलं. मग माझ्या शेजारी येऊन बसले.

"आते आबा ऱ्हायनात नही, म्हनीसन सांगस," ते म्हणाले. "त्या इंजिनमा तुन्हं तेल कधी व्हतंच नही."

मला आधी समजलं नाही. ते सावकाश सांगत गेले. फाल्गुनाच्या अमावास्येला दाजी त्यांच्याकडे आलेच नव्हते. इंजिनात होतं ते माघातल्या अमावास्येचं साधं तेल, मिस्तरींनी स्वतःच्या हातानं भरलेलं. तेच तसंच पळत राहिलं, फाल्गुन, चैत्र आणि वैशाख, त्या उन्हात, त्या धुळीत. इंजिन उघडलं तर खाली तेल नव्हतं, काजळीचा चिखल होता. तेल वर चढायची वाटच बुजली होती. मी दिलेले डबे दाजींनी नरडाण्याच्या एका ठेकेदाराला भेट दिले होते. त्याच्याकडे मारुती होती. कारखान्यातल्या माणसांची ने-आण करायचं काम त्याच्या हातात होतं आणि दाजींना ते काम हवं होतं. ते काम त्यांना मिळालंही नाही.

मी विचारलं की हे तुम्हाला कसं कळलं. दाजींनीच सांगितलं, म्हणाले. चिखल पाहिल्यावर मिस्तरींनी त्यांना फैलावर घेतलं होतं, तेव्हा रडत सगळं ओकले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की शालक म्हणाला होता एक अमावास्या सोडली तरी चालतं, म्हणून त्यांनी दोन सोडल्या. माझं तेल त्यांनी घेतलं नव्हतं. माझ्या तेलाची सवलत तेवढी घेतली होती.

चहा आला. मी पेला हातात धरून होतो. मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. सरांचा खडू, एका मापाचे रेणू, दुप्पट, सगळं बरोबर होतं. आणि मग धाकटीचं पुस्तक आठवलं. मी म्हणालो, "मिस्तरी, हे तेव्हाच आबांना कुणी सांगितलं असतं तर."

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारतो आहे हे त्यांना उशिरा कळल्यासारखं वाटलं.

"आबा आठेच हुभा व्हतात," ते म्हणाले. "बठ्ठं त्यासना समोर झायं. माले हात जोडात. जवाईनं नाव नको निंघाले, बोलनात. पोऱ्या शिकेल शे, तो सोसी लई."

लग्नाला मी गेलो नाही. गाडी दुरुस्त झाल्यावर ड्रायव्हरला तिकडे पाठवलं आणि स्टँडवरून धरणगावची एसटी धरली. रस्ताभर मी आबांशी भांडत होतो. वयाच्या विसाव्या वर्षी मी दाजींच्या पाया पडलो ते आबांनी पाहिलं होतं. दोन हात अंतरावर बसले होते. गिरणीवर माझी टिंगल व्हायची तेव्हा पिठाचा डबा घेऊन माझ्यासोबत कधीकधी तेही असायचे. आणि जूनमध्ये, जीप दखी ना तू, असं मला विचारताना त्यांना माहीत होतं. पण सगळ्यात जास्त मला धाकटीला सांगायची घाई झाली होती. तिला तरी कळायला हवं होतं की तिचं कॉलेज माझ्या चुकीमुळे बुडालं नाही. दाजींच्या खोटेपणापायी आणि आबांच्या भिडेपायी बुडालं. मी फसलो तशी तीही फसली, एवढं सांगून मला तिच्यासोबत बसायचं होतं. गेली काही वर्षं आम्ही एकमेकांशी जे तुटक बोलत आलो ते यापुढे थांबेल असं वाटत होतं.

दुपार होती. ती घराच्या धाब्यावर, सपाट छतावर, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड वाळत घालत होती. मला अवेळी पाहून तिनं पदर नीट केला, कोण गेलं असं विचारलं. कुणी नाही म्हणालो आणि तिथंच, उन्हात उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. मिस्तरी, चिखल, ठेकेदार, आबा.

ती बिबडे उलटत राहिली. एक कडेला चिकटला होता, तो तिनं नखानं हलकेच सोडवला. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "सावलीमा ये, भाऊ."

पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही बसलो. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"माले माहीत शे. निकाल लागना, त्याना आदला दिनले आबानी सांगं."

मग ती सांगत गेली. आबांनी तिला विहिरीवर नेलं होतं, चारा आणायचा म्हणून. तिथं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अक्काच्या घरी तेव्हा रोज जीपवरून बोलणं चालू होतं. तिच्या सासऱ्यांचा निरोप आला होता की तुमच्या पोराच्या शिक्षणानं आमची गाडी बसली, आता दुसऱ्या पोरीलाही तेच शिकवता का. धाकटीला कॉलेजात घातलं असतं तर त्याचा अर्थ एकच निघाला असता, की आमच्या घरानं जावयाचं म्हणणं खोटं धरलं. मग खरं काय ते बाहेर आलं असतं, आणि अक्का तीन महिन्यांची गरोदर, कायमची माहेरी परत येऊन बसली असती. आबांनी धाकटीवर जोर केला नव्हता. तू सांगशील तसं करू म्हणाले होते. आणि विहिरीच्या काठावर बसून रडले होते.

मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं. आबा गेल्यावर तरी.

"तू दाजीशी भांडाले जाशी, म्हनीसन आबानी शपथ घालेल व्हती," ती म्हणाली. मग उठली, कारण धाब्यावर वारं सुटलं होतं आणि बिबडे उडायला लागले होते. दोन बिबडे पकडून त्यांवर दगड ठेवता ठेवता तिनं पाठमोऱ्यानंच सांगितलं, "भाऊनं काहीच चुकनं नही, असं आबा सोता बोलनात माले. तुले तेवढं सांगानं नही, बोलनात."